जलाशयाकाठचा मुक्काम

जलाशयाच्या अगदी काठाशी उभारलेल्या रंगीबेरंगी तंबूंचे छायाचित्र कोणत्या महिन्यात काढले, हे त्या छायाचित्राखाली कधीही लिहिलेले नसते. मी ते विचारले होते, हे प्रथमच नमूद करून ठेवतो. कारण या प्रकरणी माझ्याच नातलगांत ‘आधी नीट चौकशी करायला हवी होती’ असा सूर बरेच दिवस उमटत राहिला, आणि ज्यांनी चौकशीचा एकही दूरध्वनी केला नव्हता त्यांचाच तो सूर सर्वांत चढा होता. ‘साहेब, पाणी बाराही महिने तंबूच्या दाराशी,’ असे शिबिराच्या व्यवस्थापकांनी मला तोंडी सांगितले, निम्मी रक्कम बयाणा म्हणून तत्काळ मागून घेतली, आणि मेअखेरीस काजवे पाहण्याच्या निमित्ताने आमचे कुटुंब, थोरल्या मेहुण्यांसह, घोटी-बारीमार्गे भंडारदऱ्यास जाऊन पोहोचले, तेव्हा ते पाणी तंबूच्या दारापासून इतके दूर होते की ते पाणीच आहे की नुसते ऊन चमकते आहे, असा प्रश्न धाकट्या भाच्याला पडला.

हे पाणी कोठे जाते यात गूढ काहीच नाही. प्रवरेवरचे हे धरण 1910 साली बांधावयास घेतले आणि 1926 साली पुरे झाले, ते खालच्या मुलखातील शेतीसाठी, आपल्या सहलींसाठी नव्हे. पावसाळ्यात काठोकाठ भरलेला आर्थर जलाशय आधी रब्बीची व मग उन्हाळी आवर्तने सुटू लागली की उतरत जातो, आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्याच्याभोवती उरतो तो भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, जो वरून वाळलेला दिसला तरी पाण्याच्या जवळ आतून ओलाच असतो आणि पाय गिळतो. जी गोष्ट भंडारदऱ्याची तीच मावळातल्या पवनेची. धरण कोणतेही असो, ज्याचे पाणी शेतीला किंवा शहराला जाते त्याचा काठ स्थिर नसतो. सबब ज्यांना खरोखर पाण्याशेजारी राहावयाचे आहे त्यांनी सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ धरावा, आणि काजवे पाहावयाचे असतील तर मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे मोसमी पाऊस लागून बसण्यापूर्वीचा. दोन्हींची तजवीज एकाच खेपेत करून देतो असे सांगणारा मनुष्य त्यांतले एक काहीतरी लपवीत असतो.

आमच्याबाबत त्याने दोन्ही लपविली असे म्हणावे लागेल. काजव्यांचे लुकलुकणे हा त्यांचा विवाहजुळणीचा व्यवहार आहे; नर उडता उडता प्रकाशाचे ठरावीक संकेत देतो, मादी खालून उत्तर देते, आणि मोटारीचे दिवे, विजेऱ्या किंवा छायाचित्रणाचा झगझगाट यांमुळे ती प्रश्नोत्तरे तुटतात, ही गोष्ट त्या परिसरात वाढलेले पोरही जाणते. असे असता जांभळाच्या ज्या मोठ्या झाडावर हा सोहळा पाहावयाचा, त्याच झाडाच्या बुंध्याशी व्यवस्थापकांनी हॅलोजनचा दिवा लावला होता, त्या दिव्यासाठी जनित्र धडधडत होते, आणि जनित्राचा आवाज झाकण्यासाठी की काय, ध्वनिक्षेपकावर गाणी चालू होती. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास बंदी घालणारे नियम 2000 सालापासून अमलात आहेत, याचे स्मरण मी त्यांस अत्यंत सौम्य शब्दांत करून दिले. ‘साहेब, लोक पैसे देऊन येतात, अंधारात बसायला कोण येतं?’ असे त्यांनी विचारले. मी, असे मी म्हणालो. त्यावर ते हसले, आणि ते हसणे मी अद्याप विसरलेलो नाही.

मध्यरात्रीनंतर वळीव आला. त्या भागात मेअखेरीस दुपारभर उकडले की रात्री विजांसह पाऊस येण्याचा संभव असतो, हे शिबिर चालविणाऱ्यास ठाऊक नसेल असे मी धरून चालत नाही. पाऊस जेमतेम अर्धा तास पडला असेल. परंतु वरच्या डोंगरउतारावरून ओघळ धावत आले आणि आमच्या तंबूंच्या खाली शिरून तेथेच थांबले. आधी सतरंज्या गार लागल्या, मग गाद्या तरंगल्यासारख्या हलू लागल्या, आणि बाहेर पाय टाकला तो घोट्याच्या वर पाण्यात गेला. पाणी वाहून का जात नाही हे कोणास उमगेना. व्यवस्थापकांचे दोन पोरगे प्लास्टिकच्या बादल्यांनी ते उपसून तंबूच्या मागे ओतत होते, आणि ते मागून पुन्हा पुढे येत होते. इतक्यात जवळच्या वाडीतून एक वयस्क गृहस्थ, डोक्यावर इरले आणि हातात कुदळ अशा वेशात, कोणी न बोलावता आले. त्यांनी सभोवार एकदा पाहिले, तंबूंच्या टोकाशी असलेल्या मातीच्या उंचवट्यापर्यंत शांतपणे चालत गेले, आणि त्यावर कुदळीचे पाच-सहा घाव घातले. त्याबरोबर साचलेले पाणी मोठा आवाज करीत खालच्या अंगास सुटले.

‘खाचर हाय हे,’ ते म्हणाले. ‘पाणी थांबावं म्हणूनच बांधलंय.’

त्या क्षणी सारे माझ्या ध्यानात आले. आम्हांस ‘खास सपाट केलेले मैदान’ म्हणून जे दाखविले गेले होते ते कोणीही पर्यटकांसाठी सपाट केलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या रोपांभोवती पाणी साठून राहावे म्हणून मेहनतीने समतल केलेली, परातीला कड असावी तशी चारही अंगांनी बांध घातलेली ती जमीन होती, आणि पाऊस आला की तिने आपले काम चोख केले एवढेच. सह्याद्रीच्या उतारावर सपाट जागा आयती मिळाली की ती बहुधा खाचरच असते. ज्या गृहस्थांनी बांध फोडला त्यांनाच तो जूनमध्ये पुन्हा घालावा लागला असणार. त्याबद्दल त्यांना व्यवस्थापकांनी काही दिल्याचे मी पाहिले नाही. आम्ही देऊ केले ते त्यांनी घेतले नाही. चहा मात्र घेतला.

सकाळी व्यवस्थापकांनी आम्हांस उभे करून निसर्गाच्या लहरीपणावर बराच वेळ व्याख्यान दिले. पाऊस दैवी आहे, त्याची हमी कोण देणार, आणि साहसाची आवड असलेले लोक अशा गोष्टी मनावर घेत नाहीत, असा त्यांचा एकूण मथितार्थ होता. पावसाची हमी मी मागितलीच नव्हती. तंबू बांधाच्या आत की बाहेर, एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर म्हणून मला पोहे देण्यात आले.

आता जे जाणारच असतील त्यांच्यासाठी. बयाणा देण्यापूर्वी जागेचा गट क्रमांक मागावा आणि सातबारा उतारा संगणकावर पाहावा. तो घरबसल्या, विनामूल्य दिसतो. त्यातील गाव नमुना बारामध्ये पिकाच्या रकान्यात भात असेल, तर तंबू बांधाच्या कोणत्या बाजूस राहणार हे लेखी घ्यावे. आणि उताऱ्यावर सरकारचे, वनखात्याचे किंवा पाटबंधारे खात्याचे नाव असेल, तर मुक्कामाची परवानगी कोणाच्या सहीची आहे तेही पाहावे. गट क्रमांक सांगण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. आमच्या व्यवस्थापकांनी मला क्रमांकाऐवजी गुलाबाच्या फुलाचे चित्र पाठविले होते.

छायाचित्र मागावे ते त्याच आठवड्यातले. जलाशयाच्या परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती घ्यावी आणि शेकोटीचे आश्वासन देणाऱ्यापासून सावध राहावे. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास 1972 च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि मेमध्ये तेथील गवत कसे असते हे सांगावयास नको. विजा चमकू लागल्या की झाडाखाली किंवा तंबूत न थांबता काचा लावून मोटारीत बसावे. तंबूची चेन सदैव ओढून घ्यावी, कारण मण्यार रात्रीच हिंडते आणि जमिनीवर निजलेल्याला तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही; सकाळी बूट झटकून घालावेत. विजेरी, कोरडे कपडे, औषधे, रोख पैसे वगैरे तर कोणीही सांगेल. पाण्यात उतरू नये. आणि शक्य असल्यास तंबूचा नाद सोडून रतनवाडीसारख्या गावात एखाद्या घरी उतरावे: वर छप्पर असते, भाकरी गरम असते, आणि पाणी कोठे साचते हे घरच्यांना माहीत असते.

माझ्या अर्ध्या बयाण्याची परतफेड झाली आहे, ‘सदिच्छा म्हणून’. उरलेल्या रकमेसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे. 2019 च्या कायद्याखाली दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. मात्र तोंडी आश्वासनाचा तेथे फारसा उपयोग होत नसल्यामुळे सगळा व्यवहार लेखी संदेशांनीच करावा, आणि दूरध्वनीवर काही ठरले तर ‘आपण असे म्हणालात’ असा संदेश त्याच दिवशी पाठवून ठेवावा. भिजलेल्या सामानाच्या यादीस मी थोरल्या मेहुण्यांच्या श्रवणयंत्राच्या दुरुस्तीची पावती जोडली आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की, यंत्र बंद पडल्यामुळे व्यवस्थापकांचे सकाळचे व्याख्यान त्यांना ऐकावे लागले नाही, तेव्हा तेवढ्याची वजावट करूनच रक्कम मागावी. पण मी ती पुरी मागितली आहे.