राहिलेले काम

आपण बालाघाटचे रहिवासी. समुद्र आपल्यापासून फार दूर. तरी समुद्रावरील एक धडा आपल्याही उपयोगाचा आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' येथे १९७४ साली तेल सापडले. तेथील पोलादी फलाटांना खारी हवा अहोरात्र कुरतडीत असते. म्हणून डागडुजी कधीच संपत नाही. ती पुढे ढकलली की कामे साचतात. उत्पादन चालू असल्यामुळे आपणांस वाटते, काहीच बिघडले नाही! परंतु सुरक्षेच्या झडपेची उणीव संकटाच्या घटकेलाच कळते.

६ जुलै १९८८ रोजी स्कॉटलंडनजीकच्या 'पायपर अल्फा' फलाटावर एका पंपाची अशीच झडप दुरुस्तीसाठी काढून तेथे तात्पुरते झाकण बसविले होते. संध्याकाळपर्यंत काम पुरे झाले नाही, आणि रात्रपाळीस ते ठाऊक नव्हते. दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हाच सुरू केला. गळती होऊन स्फोट झाला. १६७ माणसे प्राणास मुकली.

आपल्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत उतरणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. राहिलेले काम लिहून ठेवावे, पुढच्या पाळीस सांगावे, आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते आधी उरकावे. काम राहणे हा दोष नव्हे. ते लपून राहणे हा खरा धोका होय.