एका सेकंदाला हजार रुपये

हाताने चित्रं काढून स्वतःच्या पैशाने अ‍ॅनिमेशन लघुपट करायचा म्हटलं, की बहुतेक जण टॅबलेटच्या किमती बघायला बसतात. ते नंतर. आधी चित्रं मोजा.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम धावतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं, म्हणजे 'ऑन टूज' काम केलं, तर सेकंदाला १२ चित्रं होतात आणि पाच मिनिटांना ३,६००. रफ, क्लीनअप आणि रंग मिळून चित्रामागे अर्धा तास धरा. १२ चित्रांना सहा तास, म्हणजे एका माणसाचा दिवस गेला. महिन्याला २५ दिवस काम आणि २५ हजार घरखर्च धरला, तर सेकंद हजार रुपयांना पडतो. फिल्मला तीन लाख आणि एक वर्ष. मुंबई-पुण्यात भाड्याने राहत असाल तर आकडा तुम्हीच वाढवून घ्या.

म्हणून बचत करायची ती सेकंदांत. स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजावर वेळेनुसार बसवून अ‍ॅनिमॅटिक करा आणि चार परक्या माणसांना दाखवा. जिथे ती मोबाइलकडे बघतील तिथे कात्री लावा. ४० सेकंद उडाले तर ४० हजार वाचले, तेही एकही पक्कं चित्र न काढता. पात्र नुसतं ऐकत असेल तर पापणी हलवा, बाकी चित्र तसंच ठेवा. चाल, पाऊस, पंखा यांची सायकल करून पुन्हापुन्हा वापरा. संथ हालचाल 'ऑन थ्रीज'वर, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागते. उलट दोन पात्रं एकत्र नाचली तर त्याच सेकंदाला दोन दिवस लागतात. गर्दी, घोडा आणि गरगर फिरणारा कॅमेरा पहिल्या फिल्ममध्ये नकोच. बॅकग्राउंड वेगळे मोजा: ४० शॉट असतील तर जवळपास ४० दिवस.

मुंबईच्या गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा हाताने रंगवलेला लघुपट २००६ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये दाखवला गेला. तो साधारण १५ मिनिटांचा आहे. वरच्या हिशोबाने तेवढी लांबी तीन वर्षं खाते. चित्रं स्वतः काढणारे अमेरिकेचे बिल प्लिम्प्टन नवख्यांना सांगतात, फिल्म छोटी, स्वस्त आणि विनोदी ठेवा. विनोदाचं ज्याचं त्याने बघावं, पहिल्या दोन अटी पाळाच.

आता सामान. पडद्याशिवायचा पेन टॅबलेट साधारण तीन ते आठ हजारांत येतो, पडद्याचा वीस हजारांच्या पुढे. साध्यावर हात बसायला काही आठवडे लागतात, पण बसतो. क्रिता, ओपनटून्झ आणि ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत; एकट्याच्या फिल्मला तेवढं पुरतं. टून बूम हार्मनी या विकतच्या सॉफ्टवेअरचं भाडं कामात खंड पडला तरी चालूच राहतं. कागदावरच काढायचं असेल तर रफ धरून सात-आठ हजार कागद, म्हणजे १५ रिम, सुमारे साडेचार हजार रुपये. लाइटबॉक्स सुताराकडून काच आणि एलईडी पट्टी लावून करून घ्या. कागद स्वस्त असला तरी स्कॅनिंग महाग: मिनिटाला एक चित्र गेलं तरी ३,६०० चित्रांना ६० तास. हार्ड डिस्क दोन घ्या आणि दुसरी दुसऱ्याच्या घरी ठेवा.

इनबिटवीनला, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायला, मदतनीस घेणार असाल तर दर चित्रामागे की सेकंदामागे, किती दुरुस्त्या त्यातच धरल्या आणि पैसे कधी, हे आधी लिहून घ्या. मित्र असला तर नक्कीच.

संवाद असतील तर आवाज चित्रांच्या आधी रेकॉर्ड करा, नाहीतर ओठ पुन्हा काढावे लागतात. स्टुडिओचा दर तासावर असतो, त्यामुळे तालीम घरीच उरका. आवाजासाठी आणि मिक्सिंगसाठी ३० ते ५० हजार बाजूला ठेवा. संवाद टाळले तर यातले बरेच वाचतात. जुनं गाणं मात्र फुकट समजू नका: भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, शिवाय गीतकार आणि संगीतकाराचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नवं संगीत करून घ्या, पण महोत्सव आणि इंटरनेट दोन्हींची परवानगी करारात हवी.

शेवटी महोत्सव. थिएटरसाठी लागणारी डीसीपी फाइल डीसीपी-ओ-मॅटिकने घरीच फुकट होते. प्रवेश शुल्काला दहा-पंधरा हजारांची मर्यादा घाला. काही मोठे अ‍ॅनिमेशन महोत्सव प्रवेशासाठी शुल्क घेत नाहीत. घसघशीत शुल्क आणि शेकडो बक्षिसं मिरवणाऱ्या महोत्सवांना पैसे देऊ नका, फिल्म निवडली गेली नाही तर ते परत मिळत नाहीत.