वावर आपलं, कायदे दोन सरकारांचे

आमच्या घाटंजी तालुक्यात पराटी आणि तूर हीच पिकं. पराटीला भाव मिळाला नाही, की नवं पीक सुचवणारी माणसं गावोगाव फिरू लागतात; आता ती मोबाइलवरही भेटतात. माझ्या आतेभावाला अशाच एकानं पटवलं, की उत्तराखंडात सरकार स्वतः भांगेच्या शेतीचं लायसन देतं, गांजाचा कायदा तर साऱ्या देशाचा एकच आहे, मग इथं कोण अडवणार? त्याचं वावर आमच्या तालुक्याबाहेर आहे. त्यानं तुरीच्या तासांमध्ये झाडं लावली. पंचनामा झाला, झाडं गेली, भाऊ आत गेला. तूर वहिनीनं एकटीनं काढली, आणि वकिलाच्या फीपायी बैलजोडी विकावी लागली. त्याच्यासाठी वकिलाकडे खेटे घालताना जे कळलं, ते बियाणं पेरण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

उत्तराखंडाची बातमी खरी होती. गांजाविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५चा, केंद्राचा. तो लागवडीला बंदी घालतो, पण धागा किंवा बी यांसाठी, म्हणजे उद्योगासाठी, आदेश काढून लागवडीला मुभा देता येते, असं त्याच्या कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडानं २०१८ साली त्याच आधारावर लायसन दिलं, आणि तेही नशेचा अंश, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणालाच. तो आदेश त्या राज्यापुरता. यवतमाळच्या गट नंबरवर तो दाखवून काही उपयोग नाही. तेव्हा कुणी करार घेऊन आलं तर महाराष्ट्र सरकारचा आदेश आणि तुमच्या नावाचं लायसन, दोन्ही कागद मागा. लायसन मागून येईल, आधी पेरा, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२१ साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं, कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून, सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली होती. ती काही मिळाली नाही. त्याचं दुःख मला कळतं. पराटी विकून मजुरी निघत नाही, हे मीही दरवर्षी पाहतो.

भांगेचा घोटाळा याच्या उलट आहे. केंद्राच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायचा नुसता पाला आणि बी त्यात येत नाही. भांग पाल्याची असते, म्हणून २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं भांगेच्या एका प्रकरणात जामीन दिला. हे ऐकून लोक समजतात, भांग मोकळी आहे. पण आपल्या राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, आणि परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. केंद्राच्या कायद्यातून सुटलेला माणूस राज्याच्या कायद्यात सापडतो.

एनडीपीएसमधल्या शिक्षेचं गणितही समजून घ्या. एक किलोपर्यंतचा गांजा ही अल्प मात्रा, वीस किलोंच्या वर गेला की व्यापारी मात्रा. तिला किमान दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीनही कठीण. लागवडीला मात्र वजनाची अट नाही. थोड्या झाडांवरही दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मात्रा वजनावरून ठरते, म्हणून जप्तीत शेंडे, पाला, देठ आणि मुळं यांचं वजन एकत्र झालं की वेगळं, हे आमच्या वकिलानं सर्वांत आधी विचारलं होतं. घरचं माणूस अडकलंच तर तुम्हीही हा प्रश्न पहिल्याच दिवशी वकिलापुढे ठेवा.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांनाही हे सांगतो, कारण तिथंही हाच पेच आहे. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ साली मतदान करून गांजाला मोकळीक दिली, पुढे इतरांनीही. पण देशाचा १९७०चा कायदा गांजाला अजून बंदी घालतोच, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही सारी देशाच्या सरकारची कामं. दुकानातून रीतसर पावती घेऊन विकत आणलेला गांजाही तिथल्या परदेशी मुलाची पुढची वाट अडवू शकतो. मुलाला फोनवर हे स्पष्ट सांगा, संकोच करू नका.

आता मक्त्यानं किंवा बटईनं वावर देणाऱ्यांसाठी. कसलेल्या जमिनीवर गांजाचं झाड उभं सापडलं आणि कसणाऱ्याला त्याचा खुलासा देता आला नाही, तर गुन्हा त्यानंच केला असं एनडीपीएसच्या कलम ५४ प्रमाणे धरता येतं. मालकही अलिप्त राहत नाही. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचं कळूनही त्यानं कळवलं नाही, तर कलम ४६ प्रमाणे तो गुन्हा होतो. सरपंच आणि पंचांवरही कळवण्याची जबाबदारी आहे. तुरीचं पीक उंच वाढतं, धुऱ्यावरून आतलं काही दिसत नाही, म्हणून मधल्या तासांमधून स्वतः फिरून या. संशयास्पद झाड दिसलं तर ते परस्पर उपटू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, एक प्रत पोलीस पाटलांना द्या. आणि मक्त्याच्या कागदावर कोणतं पीक घेणार ते नावानिशी लिहून, दोघांच्या सह्या घ्या.