विजेच्या गाडीच्या बॅटऱ्या : चार्जिंगची सावधगिरी

गोल्फच्या मैदानासाठीं निघालेली विजेची गाडी हल्लीं कांहीं कृषि-पर्यटन केंद्रांतही दिसते. तिच्या शिसें व गंधकाम्लाच्या बॅटऱ्यांविषयीं आम्ही येथें लिहीत आहों. लिथियमच्या बॅटरीस तिचा स्वतंत्र चार्जर लागतो.

चार्जिंग पूर्ण होत आलें म्हणजे घटांतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायु सुटतात. हायड्रोजनास रंग नाहीं, वास नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें कीं एका ठिणगीनें तो पेट घेऊं शकतो. तो हलका असल्यानें छपराखालीं सांचतो; म्हणून जागा वरूनही मोकळी असावी. बंद कोठारांत किंवा कडब्याच्या गंजीजवळ चार्जिंग करूं नये; विडी वा कंदील जवळ आणूं नये.

चार्जर बंद असतांनाच तारा जोडाव्या व सोडवाव्या. आंतील पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील इतकेंच डिस्टिल्ड पाणी आधीं घालावें, उरलेलें चार्जिंगनंतर. पाण्याऐवजीं अम्ल कधींही घालूं नये. काम करतांना डोळ्यांवर चष्मा असावा. अम्ल उडाल्यास तो भाग भरपूर पाण्यानें धुवावा. डोळ्यांत गेल्यास बराच वेळ धुऊन लागलीच डॉक्टरांकडे न्यावें.

हें काम गड्यावर सोंपवावयाचें असेल तर वरील सर्व गोष्टी मालकानें त्यास आधीं समजावून द्याव्या. कारण ठिणगी उडते ती त्याच्या तोंडासमोर.