'सर्व्ह' आणि सेवा

आजचं वाचन: भगवद्गीता 4.34.

इंग्रजीतला 'सर्व्ह' किती ठिकाणी भेटतो बघा. वेटर जेवण सर्व्ह करतो, सैनिक देशाला, कैदी तर शिक्षासुद्धा 'सर्व्ह' करतो. सर्व्हर रिक्वेस्ट आल्यावरच उत्तर देतो. टेनिसमध्ये मात्र सर्व्ह करणाऱ्यानेच खेळ सुरू करायचा असतो.

ज्ञानी माणसांकडून शिकायचं कसं? भगवंत अर्जुनाला तीन गोष्टी सांगतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. आपण नमस्कार करतो, प्रश्न तर भरपूर विचारतो. सेवा मात्र 'कोणी सांगितलं तर करू' म्हणत राहून जाते. म्हणजे आपली सेवा सर्व्हरसारखी. ती टेनिससारखी हवी.

गुरू जवळ नसतील तर सुरुवात घरापासून. आज एक काम आईने सांगायच्या आत करून टाका.

हरी ॐ.