माणसं टिकवायची तर हिशेब चोख ठेवा



आमगावसारख्या गावात धंदा टाकला की कामाला येणारा माणूस कोणाचा तरी भाचा असतो, शेजारी असतो, नाहीतर शाळेतला दोस्त. मग पैशाचं बोलायला संकोच वाटतो. "घरचाच आहे, बघू नंतर," असं आपण म्हणतो आणि इथेच गडबड होते. चार महिन्यांनी माणूसही जातो आणि नातंही.

यावर एक उदाहरण बघा, लिज्जत पापड. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आज त्या संस्थेत हजारो बायका काम करतात. इतक्या जणी एकत्र कशा राहिल्या?

तिथे प्रत्येक सदस्य मालक आहे. सगळ्या एकमेकींना 'बेन' म्हणतात, म्हणजे बहीण. पण नुसतं बहीण म्हणून भागत नाही. लाटलेले पापड तपासून, वजन करून घेतले जातात आणि लाटणीचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात. हिशेब स्वच्छ असला की मनात संशय राहत नाही.

आता आपल्या धंद्यात काय करायचं?

1. आधी ठरवा, मग कामाला लावा. पगार किती, कोणत्या तारखेला, कामाची वेळ काय, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहा. उचल दिली तर तीही लिहा आणि दोघांनी सही करा.

2. रोवणी-कापणीची सुट्टी गृहीत धरा. आपला भाग धानाचा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी. माणूस शेतावर जाणारच. "न सांगता गेला" म्हणून भांडण्यापेक्षा महिनाभर आधी विचारा, "भाऊ, तुझी रोवणी कधी?" आणि पाळी लावा.

3. चूक बाजूला घेऊन सांगा. गिऱ्हाइकासमोर बोललात तर तो अपमान गावभर होतो. कौतुक मात्र चारचौघांत करा.

4. नियम स्वतःलाही लावा. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे घेतले तर तेही वहीत लिहा. मालकच लिहीत नसेल तर कामगार का लिहील?

5. भागीदार असेल तर नफ्यासोबत तोटाही वाटून ठरवा. नफ्याच्या वाटणीत सगळे गोड असतात, खरी परीक्षा तोट्यात होते.

कोणी म्हणेल, एवढं लिहून घेतलं तर समोरच्याला वाईट वाटेल. पहिल्या दिवशी थोडं अवघड वाटेल, खरंय. पण सहा महिन्यांनी "तू असं म्हणाला होतास" हा वाद होणार नाही.

आजचा गृहपाठ: शंभर पानी वही घ्या. प्रत्येक माणसासाठी दोन पानं सोडा. आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एकेकासोबत बसा, आतापर्यंतचा हिशेब दोघं मिळून लिहा. कोणाचे पैसे अडकले असतील तर द्यायची तारीखही तिथेच टाका आणि ती पाळा.