घरचा गॅस गिझर बदलताना : किंमत वेगळी, खर्च वेगळा



कारखान्याचा बॉयलर आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गळीत हंगाम संपला की तो उघडून नळ्यांतील पापुद्रा काढतात, दुरुस्ती करतात आणि सरकारी बॉयलर निरीक्षकाने तपासून दाखला दिल्याशिवाय पुढच्या हंगामात तो पेटवता येत नाही. याविषयीचा कायदा १९२३ सालापासून होता. आता त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे.

पण आपल्या न्हाणीघरात भिंतीवर टांगलेला जो छोटा बॉयलर आहे, म्हणजे गॅस गिझर, त्याला कोण तपासतो? कोणीच नाही. तो बंद पडला की आपण बाजारात जातो. दुकानदार म्हणतो, "अहो भाऊ, चार-पाच हजाराचं काय ते, नवाच न्या!" आपणही नेतो. खरा खर्च मात्र त्या दिवसापासून सुरू होतो. तो कसा मोजावा, एवढाच आजच्या पाठाचा विषय आहे.

१. एका बादलीला किती गॅस?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. बादली २० लिटरची धरू. हिवाळ्यात पाणी २० अंशांवर असते, अंघोळीला ४० अंश पुरते. म्हणजे २० लिटर गुणिले २० अंश, बरोबर ४०० किलोकॅलरी.

एक किलो गॅस जळला की सुमारे १०,९०० किलोकॅलरी उष्णता मिळते. चांगल्या स्थितीतील गिझर त्यातली ८० टक्के पाण्यात उतरवतो असे धरू. बाकीची धुरावाटे जाते. म्हणजे किलोला ८,७०० हाती आल्या. त्या हिशेबाने एका बादलीला सुमारे ४६ ग्रॅम गॅस लागतो आणि १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ३०० च्या वर बादल्या निघतात.

घरात पाच माणसे, रोज पाच बादल्या. वरूडच्या उन्हाळ्यात गरम पाण्याचे नाव कोणी काढत नाही, म्हणून वर्षाचे २४० दिवस धरू. एकूण १,२०० बादल्या, म्हणजे जवळपास चार सिलिंडर. सिलिंडरचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ९०० रुपये धरला तर वर्षाला ३,६०० रुपये होतात. भाव बदलत असतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या पावतीवरचा आकडा घालावा.

आता गिझर सहा वर्षे टिकला असे समजू. यंत्राचे ५,५०० आणि बसवणावळ व नळीचे १,५०० मिळून ७,००० रुपये. त्याच सहा वर्षांतला गॅस २१,६०० रुपयांचा. म्हणजे दुकानात आपण ज्या रकमेवर घासाघीस करतो, तिच्या तिप्पट रक्कम नंतर मुकाट्याने देतो. पाचशे रुपये स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला गिझर गॅस जास्त खात असेल तर तो स्वस्त कसा?

२. वरूडचे पाणी आणि गिझरचे पोट

कारखाना आपल्या बॉयलरला विहिरीचे कच्चे पाणी घालत नाही. वाफ थंड होऊन परत आलेले स्वच्छ पाणीच त्यात फिरवतो. कारण एकच, क्षारांचा थर बसू नये.

आपल्याकडे मात्र गोष्ट उलटी. वरूड हा भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका. संत्र्याच्या बागा जगवायला बोअर खोल खोल गेले. ज्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार आहेत असे समजावे. पाणी तापले की हे क्षार गिझरच्या तांब्याच्या नळीत आतून बसतात. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तसेच हे.

हा थर उष्णतेला आडवा येतो. ज्योत तेवढीच, पण उष्णता पाण्यात न जाता वर निघून जाते. समजा ८० टक्क्यांचा गिझर ६५ टक्क्यांवर आला, तर त्याच १,२०० बादल्यांना चारऐवजी पावणेपाच सिलिंडर लागतील. वर्षाला सातशे-आठशे रुपयांचा गॅस फुकट गेला आणि कोणाला कळलेही नाही.

उपाय अवघड नाही. दिवाळीपूर्वी मिस्त्री बोलावून गिझर उतरवावा आणि लिंबाच्या फुलाचे पाणी नळीत फिरवून थर काढून घ्यावा. संडास धुण्याचे अॅसिड कधीही घालू नये. थराबरोबर नळी आणि तिचे सांधेही खाऊन जाईल.

३. दुरुस्ती की बदली?

ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदलून पाहावे. पाणी सोडल्यावर गिझर पेटत नसेल तर बहुधा आतला रबरी पडदा फाटलेला असतो किंवा पाण्याची जाळी तुंबलेली असते. ही कामे थोड्या पैशांत होतात. एवढ्यासाठी यंत्र फेकू नये.

पण तांब्याची नळी गळू लागली, किंवा साफ करूनही ज्योत निळी न राहता पिवळी येऊ लागली आणि काजळी धरू लागली, तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही. तो गिझर त्याच दिवशी बंद करावा.

४. खिडकीचा हिशेब

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा.

एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे एका बादलीला सुमारे २० घनफूट आणि पाच बादल्यांना १०० घनफूट. आपले न्हाणीघर ५ बाय ६ फूट आणि ८ फूट उंच असेल तर त्यात एकूण हवा २४० घनफूट. थंडी म्हणून खिडकी लावून घेतली, दाराच्या फटीत पोतेरे कोंबले आणि एकामागून एक पाच जणांनी अंघोळ केली, तर जवळजवळ निम्म्या हवेतला प्राणवायू गिझरच खाऊन जातो. तेवढी पाळी येण्याच्या बऱ्याच आधी ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस आतून कडी लावलेल्या खोलीत कोसळतो. आपल्याकडील मेंदूविकार तज्ज्ञांनी याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावच दिले आहे. झटका आला, मिरगी असेल, असे घरच्यांना वाटते. कारण भिंतीवर टांगलेले असते. अशा वेळी प्रथम दार-खिडक्या उघडून माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, गॅस बंद करावा आणि विलंब न लावता दवाखान्यात हलवावे. तेथे गिझरची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

म्हणून गिझर बदलायचाच असेल तर जागाही बदलावी. तो मागच्या ओसरीत किंवा उघड्या पडवीत बसवावा आणि गरम पाणी नळीने आत आणावे. पाइप आणि मजुरीचे दीड-दोन हजार जास्त लागतील, पण ते खर्चात धरलेच पाहिजेत. ही रक्कम वाचवून गिझर घेणे म्हणजे विहिरीला कठडा न बांधता मोट जोडणे होय. गॅसची रबरी नळी 'सुरक्षा' जातीचीच घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. जोडणीआधी आपल्या गॅस वितरकाला विचारावे.

५. दुसरे मार्ग

विजेच्या गिझरला बादलीमागे सुमारे अर्धा युनिट लागते. युनिट ८ रुपये धरले तर १,२०० बादल्यांचे पाच हजारांच्या आसपास होतात. गॅसपेक्षा महाग, पण प्राणवायू खात नाही. मात्र अर्थिंग पक्के हवे.

सौर बंबाला सुरुवातीला पैसे जास्त. समजा २४,००० लागले आणि वर्षाला गॅसचे ३,६०० वाचले, तर सहा-सात वर्षांत फिटतात. ढगाळ दिवसांची सोय वेगळी ठेवावी लागते, आणि क्षारांचा त्रास त्यालाही आहेच.

आणि जुना तांब्याचा बंब? संत्र्याच्या बागेची छाटणी, तुराट्या, पऱ्हाट्या घरच्याच असतील तर जळण फुकट पडते. पण त्यालाही नियम तोच : बंब अंगणात, माणूस न्हाणीघरात. निखाऱ्याचा बंब बंद खोलीत ठेवला तर तोच विषारी वायू तेथेही तयार होतो.

घरचा अभ्यास

नवा गिझर घेण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात :

(१) यंत्राची किंमत आणि बसवणावळ.
(२) मोकळ्या जागेपर्यंतच्या नळीचा खर्च.
(३) रोजच्या बादल्या गुणिले दिवस, भागिले ३००, गुणिले सिलिंडरचा भाव. हा एका वर्षाचा गॅस.
(४) दरवर्षी थर काढण्याची मजुरी.
(५) न्हाणीघराची लांबी, रुंदी, उंची आणि खिडकी उघडी राहते की नाही.

तिसरी आणि चौथी ओळ गिझरच्या वर्षांनी गुणावी, पहिल्या दोन मिळवाव्यात, म्हणजे खरा खर्च निघेल. पाचव्या ओळीचे उत्तर 'नाही' असेल, तर बाकीचा हिशेब करण्यापूर्वी गिझरची जागा ठरवावी. उसाच्या वजनाची पावती आपण दोनदा तपासून घेतो. हा कागदही तसाच दोनदा तपासावा.